नाकाचा निकाल

“हळू बोला. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा.”

“हळूच बोलतोय मी. मोठ्याने बोलायचं असतं तर कालच हॉस्पिटलात बोललो असतो, चार माणसांत.” दिराने टेबलावर बोट आपटलं आणि दुसऱ्यांदा आपटताना आवाज होईल म्हणून ते हवेतच थांबवलं. “मला एवढंच सांग, तो ड्रम घरात आणताना तुझं डोकं कुठे होतं?”

“खांद्यावर होतं. तुमचं कुठे होतं? गाडीतून उतरवून घेतलात तो तुम्हीच.”

“मी हमाल. हमालाला काय कळतं आत काय भरलंय ते?”

“मग हमालाने पंचाईत करू नये.” धाकटीचे डोळे रडून रडून सुजले होते, पण जीभ शाबूत होती.

थोरली, धाकटीची जाऊ, गॅसपाशी पाठमोरी उभी होती. दूध तापत होतं. या घरात धाकट्या जोडप्याचं भांडण सुरू झालं की ते कपड्यांसारखं आपोआप वाळेल म्हणून सगळे सोडून देत. पण आजचं वेगळं होतं. काल शनिवारी सकाळी अकरा वाजता धाकटीची आठ वर्षांची मुलगी, जिला सगळे ठकू म्हणत, ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून वाटीतल्या चेरी खाता खाता एकदम थांबली होती. तिला दमा होता. पंप कुठे असतो हे घरात सगळ्यांना पाठ होतं. पण काल पंपाने भागलं नाही. ओठ निळे पडले. दिराने तिला उचललं आणि चप्पल न घालता रस्त्यावर धावला. रात्रभर ऑक्सिजनवर ठेवून आज सकाळी तिला घरी सोडलं होतं, आणि सोडताना डॉक्टरांनी विचारलं होतं, काय खाल्लं होतं हिने? चेरी, असं ऐकल्यावर ते म्हणाले होते, फळं टिकवायला जे घालतात ते अशा मुलांना फार वाईट बाधतं; ती फळं आधी कुठून आली ते बघा.

ती आली होती मागच्या खोलीतल्या निळ्या ड्रममधून. धाकटी तिथे केक करून विकायची. दोन ओव्हन, एक संगमरवरी फळी आणि दारामागे लावलेली ऑर्डरींची वही, एवढाच कारखाना, पण शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसे.

“तू ते नीट धुतलं नसशील,” दीर म्हणाला. “घाई असते ना तुला. सगळ्यातच घाई.”

“धुवायचं कशाला? तयार माल आहे तो!” धाकटी ताडकन उठली, मागे गेली आणि ड्रमच्या अंगाला प्लॅस्टिकच्या खिशात चिकटवलेला कागद टरकावून घेऊन आली. “वाचा. तुमच्याच डोळ्यांनी वाचा. ‘साखरेच्या पाकात मुरवलेल्या बिनरंगी चेरी. थेट खाण्यास तयार.’ शिक्का आहे कस्टम्सचा. सही आहे. कागद बघितल्याशिवाय मी मीठसुद्धा घेत नाही. आणि वर ताईंना वासही घ्यायला लावला. विचारा त्यांना! ताई, तुम्ही काय म्हणाला होतात काल?”

थोरलीला वळावं लागलं.

“साखरेचा आहे म्हणाले,” ती म्हणाली. “दुसरं काही नाही म्हणाले.”

“झालं? आता त्यांच्या नाकावर शंका घ्या!”

दिराने हात जोडले. “वहिनींच्या नाकावर शंका घेईन एवढा मी शूर नाही.”

एरवी यावर सगळे हसले असते. थोरली त्या कागदाकडे बघत होती. शिक्क्याच्या कडेला एक सही होती, सुरुवातीला उंच उडी आणि शेवटी शेपूट गुंडाळलेली. घरात कोणी ती ओळखेल असं तिला वाटत नव्हतं. घरी थोरली पूर्ण नाव लिहून सही करायची. ही ऑफिसातली सही होती. दिवसाला तीस-तीस वेळा करावी लागते म्हणून आखूड केलेली.

मागे दूध उतू गेलं.

“अगं, दूध!” सासूबाई ओरडल्या. “करपल्याचा वास सुटलाय केव्हाचा, नाकाशी उभी आहेस ना तू?”

*

थोरली कस्टम्सच्या वर्गीकरण शाखेत होती. सव्वीस वर्षं झाली. बाहेरून येणारा माल कोणत्या खान्यात बसतो ते ठरवायचं आणि सही करायची. लोकांना वाटे, त्यात काय ठरवायचं? चेरी म्हणजे चेरी. तर तसं नव्हतं. वाळवलेली चेरी एका खान्यात, साखरेत मुरवून निथळलेली दुसऱ्या, पाकात बुडवलेली तिसऱ्या. आणि गंधकाच्या पाण्यात बुडवून ठेवलेली चौथ्या. ती सगळ्यांत नाजूक. गंधक फळाचा रंग खाऊन टाकतं, फळ पांढुरकं, मेणासारखं होतं आणि वर्षभर टिकतं. ते खायचं नसतं. कारखान्यात नेऊन उकळून, पुन्हा पुन्हा धुऊन गंधक काढायचं आणि मग त्याची मिठाई करायची. म्हणून त्याच्या कागदावर लिहायचं, ‘तात्पुरते टिकवलेले, आहे त्या स्थितीत खाण्यास अयोग्य’. असा माल फक्त नोंदलेल्या कारखान्यात जाई. पाकातला माल मात्र सरळ बाजारात.

आता एखाद्याने गंधकाच्या पाण्यात साखर ओतली आणि पाक म्हणून आणला तर? साखर मोजायच्या नळीत एक थेंब टाकून उजेडाकडे धरलं की साखर दिसे. गंधक दिसत नसे. ते प्रयोगशाळेत कळे, आणि प्रयोगशाळेचा अहवाल यायला तीन आठवडे लागत. तोवर माल गोदामात पडून, व्यापारी साहेबांच्या दारात बसून, साहेब फोनवर.

नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं तेव्हा एका बरणीचं झाकण उघडताच ती म्हणाली होती, “गंधक आहे.” वरिष्ठ हसले. तीन आठवड्यांनी अहवाल आला : गंधक आहे. मग दुसरी बरणी, तिसरी, पन्नासावी. एकदाही चूक नाही. हळूहळू पद्धतच पडली. व्यापाऱ्याने हरकत घेतली तरच नमुना प्रयोगशाळेत जायचा, नाहीतर तिचा निकाल तोच निकाल. तिला सगळे नाकताई म्हणू लागले. आधी मागून, मग तोंडावर, मग एका निवृत्तीच्या समारंभात व्यासपीठावरून.

घरातही तेच. गॅस गळतोय हे तिला जिन्यातच कळे. शेजारणी तेलाच्या बाटल्या घेऊन येत. तिचा नवरा शाळेत मास्तर होता. सिगरेट सोडल्याचं त्याने तिला सात वेळा सांगितलं होतं आणि सातही वेळा ती दारातच “हं” म्हणाली होती.

नमुन्यांची खोली लांबट होती, पांढऱ्या फरश्यांची. एक मोठी मोरी, चाळण्या, भिंतीला बरण्यांच्या फळ्या. तिथे सुरुवातीपासून एक शिपाई होता, झाकणमामा. त्याचं काम झाकणं उघडायचं. गंजलेलं, चिकटलेलं, लाखेने बंद केलेलं, कसलंही झाकण त्याच्या हातात नमतं घेई. झाकण उघडून तो दोन पावलं मागे सरे आणि ती वाके. इतकी वर्षं दोघांचं हे असं चालू होतं, एखाद्या जुन्या जोडप्याने अंथरुणाची चादर दोन्ही बाजूंनी झटकावी तसं.

*

रविवारी दुपारी सगळे आडवे झाल्यावर थोरली मागच्या खोलीत गेली. ड्रमचं झाकण उघडलं. आत पांढुरक्या चेरी, दाटीवाटीने, डोळ्यांसारख्या. ती वाकली आणि वास घेतला.

काही नाही.

पुन्हा घेतला. ऑफिसात घ्यायची तसा, आधी आखूड, मग लांब. डोळे चुरचुरले, पाणी आलं. नाकाला काही कळलं नाही. साखरही नाही. पाण्याने भरलेल्या बादलीवर वाकावं तसं. काल सकाळी या फळांची वाटी धाकटीने पुढे केली होती आणि तिने चेहरा वाकवून ‘साखरेचा’ म्हटलं होतं. तो वास तिने खरंच घेतला होता, की वाटीत पाक दिसला म्हणून म्हटला होता?

“अगं, काय उघडलंयस ते!” दारात सासूबाई उभ्या होत्या, पदर नाकाला लावून, खोकत. “लांब हो त्याच्यापासून! घशात आग पडली माझ्या इथे, दारात!”

थोरलीने झाकण लावलं. झाकण तीनदा वाकडं बसलं. सासूबाई बघत होत्या. ऐंशी वर्षांच्या बाईला दारात उभं राहून जे कळलं ते तिला ड्रममध्ये तोंड घालून कळलं नव्हतं. गेल्या वर्षभरात चार वेळा दूध लागलं होतं आणि चारही वेळा सासूबाई म्हणाल्या होत्या, लक्ष कुठे असतं तुझं. तिलाही तेच वाटलं होतं. लक्ष नाही. वय झालं. नवऱ्याला ती बऱ्याच दिवसांत दारात “हं” म्हणाली नव्हती, आणि त्याने खरंच सिगरेट सोडली म्हणून ती मनात खूश होती.

ती ठकूच्या खाटेवर जाऊन बसली. ठकू जागी होती, उशीला टेकून, चेहरा एवढासा झालेला.

“मोठी आई, तू रडतेयस?”

“डोळ्यांत काहीतरी गेलं.”

“त्या चेरींचं ना? माझ्यापण गेलं होतं.” ठकूने चादरीची कड चिमटीत धरली. “काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो ना, तसा वास येत होता त्यांना. मला नव्हत्याच खायच्या. पण तू चांगल्या आहेत म्हणालीस ना. मग मला वाटलं, चांगल्याचा वास असाच असेल.”

तिने पोरीच्या पायावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसून राहिली. आठ वर्षांच्या मुलीने स्वतःच्या नाकापेक्षा तिचं नाक खरं मानलं होतं.

*

सोमवारी ती ऑफिसात अर्धा तास आधी पोचली. झाकणमामा मोरी घासत होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तो चार महिने रजेवर होता आणि नुकताच परतला होता, काठी टेकत.

“मामा, सहा बरण्या काढा. तीन गंधकाच्या, तीन साध्या. चिठ्ठ्या काढून टाका. टेबलावर मांडा, झाकणं सैल करा आणि तुम्ही बाहेर जा.”

“बाहेर कशाला, बाई?”

“जा म्हणते ना.”

तो गेला. दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती. तिने एकेक झाकण उचललं, डोळे मिटून वास घेतला आणि कागदावर लिहिलं. लिहिताना तिला माहीत होतं की आपण काहीही लिहितोय. मग त्याला आत बोलावलं आणि कागद त्याच्या हातात दिला. त्याने बरण्यांशी ताडून पाहिला. बराच वेळ पाहिला. सहापैकी तीन बरोबर होते. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

झाकणमामाला आश्चर्य वाटलं नाही. तेच तिला दिसलं.

“तुम्हाला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

त्याने काठी भिंतीला टेकवली. “तीन वर्षं झाली, बाई. तुम्हाला तो मोठा ताप आला होता बघा, त्यानंतर. एकदा तुम्ही गंधकाच्या बरणीवर वाकलात आणि लिहिलंत, साधी. मला इथे ठसका लागला, खरा लागला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि लिहिलेलं खोडलंत. मग पुढच्या वेळेपासून मी...”

“काय?”

“खोकायचो. गंधक असलं की खोकायचो. नसलं की गप्प उभा राहायचो.”

“मुद्दाम?”

“आता मुद्दाम म्हणा, की सवय म्हणा.” तो खाली बघत राहिला. “मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही वास घेऊन झाला की माझ्याकडे बघायचात ना. दर वेळी बघायचात.”

ती बघायची. नाकारायला ती तोंड उघडणार होती, आणि तिला आठवलं : वाकायचं, श्वास ओढायचा, मान वर करायची, मामांकडे बघायचं, मग पेन उचलायचं. तिने तो विचार कधी शब्दांत मनात येऊ दिला नव्हता, एवढंच. तीन वर्षं खोलीतलं नाक मामांचं होतं आणि वाकणारी मान तेवढी तिची होती.

“सांगितलं का नाहीत मला?”

“सांगून काय झालं असतं? तुम्हाला वर टपालात टाकलं असतं, लिफाफे चिकटवायला. मला कुठल्या तरी नव्या साहेबाच्या हाताखाली. आणि निकाल चुकत तर नव्हता एकही. मग मी म्हटलं, चाललंय ते चालू दे, निवृत्तीला तुम्हालाही चार वर्षं आणि मलाही.” तो थोडा हसला, लगेच थांबला. “काय झालंय, बाई? कोणी हरकत घेतली?”

“चार महिने झाकणं कोण उघडत होतं?”

“ती नवी मुलगी. तोंडाला मास्क लावून...” आणि मामा तिथेच स्टुलावर बसला. त्याला सांगावं लागलं नाही.

तिने नोंदवही उघडली. त्या चार महिन्यांत तिने एकशे बारा नमुन्यांवर नाकाने निकाल दिला होता. तर्जनी फिरवत ती खाली आली. बिनरंगी चेरी, पाकात, चाळीस ड्रम. शेरा : थेट खाण्यास तयार. सही, शेपूट गुंडाळलेली. चाळीसमधला एक तिच्या घरात होता. एकोणचाळीस कुठल्या तरी इतर मागच्या खोल्यांमध्ये होते, जिथे दारामागे अशाच वह्या लावलेल्या असतील आणि उंबऱ्यात कोणीतरी वाटी घेऊन बसलेलं असेल.

“बाई,” झाकणमामा म्हणाला, “तुम्ही लिहून देणार. मला दिसतंय तुमच्या तोंडावर. माझं नाव...”

“काय लिहू तुमचं? तुम्ही खोकलात. खोकल्याबद्दल अजून कोणाला नोटीस आलेली नाही.” तिने कोरा कागद ओढला. “आणि तुम्ही खोकलात तेवढी वर्षं निकाल बरोबर होते. ते उघडायला नकोत.”

*

ती घरी आली तेव्हा सगळे स्वयंपाकघरात होते. दिवेलागणीची वेळ होती. ठकू टेबलाशी बसून चित्र रंगवत होती. धाकटा दीर आणि धाकटी बोलत होते म्हणजे समेट झाला होता, आणि झाला होता तो तिच्या पश्चात सगळ्यांनी मिळून.

“वहिनी, या. मिटलं सगळं,” दीर म्हणाला. “ड्रम आज मागच्या गटारात ओतून टाकतो. ही चेरीचे केक बंद करतेय. विषय संपला.”

“मी म्हटलं, माझंच चुकलं असेल,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता. “वाटी धुतली नसेन. ओव्हनचं काहीतरी उडालं असेल त्यात. कागदावर सरळ लिहिलंय तयार माल म्हणून, आणि तुम्ही वास घेतलात. मग राहतं कोण? मीच.”

थोरलीने पर्स खुंटीला लावली. नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या समोर तो कागद होता, इस्त्री केल्यासारखा सपाट केलेला, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. ही सही त्याने तिच्या ऑफिसच्या कागदांवर पाहिली होती.

“तू जरा आत ये,” तो म्हणाला.

“इथेच बोला.”

“आत ये म्हणतो ना.”

“सही माझी आहे, हेच सांगायचंय ना?”

धाकटीने कागद उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. “कोणाची सही?”

“त्या कागदावरची. माल तयार आहे असं मीच लिहिलं होतं. मागच्या महिन्यात, ऑफिसात. गंधक होतं. मला कळलं नाही.”

“तुम्हाला कळलं नाही?” दीर म्हणाला. त्याने ते असं म्हटलं, जसं कोणी सांगावं की जिना रात्रीत नाहीसा झाला. “वहिनी, तुम्हाला?”

“मला वास येत नाही. तीन वर्षांपासून.”

ठकूचा रंगवता हात थांबला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग मास्तर घाईघाईने बोलू लागला, वर्गात गोंधळ झाला की बोलत असेल तसा. “हे बघा, हे आपल्या चार भिंतींत राहू दे. शेपटीवरून कोण ओळखणार आहे सही? पोरगी बरी आहे. ड्रम टाकून दिला की पुरावा नाही. पुढच्या महिन्यात हिची मुलाखत आहे, शाखाप्रमुख होतेय ही, सव्वीस वर्षांनी...”

“मोठे दादा,” धाकटी मध्येच म्हणाली. ती थोरल्या दिराला कधी तोडून बोलत नसे. “मी तीन दिवस चोरासारखी फिरतेय या घरात.”

“तेच म्हणतोय, तुला कोणी काही म्हणणार नाही...”

“अहो, बास,” थोरली म्हणाली.

तिने पेल्यात पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायली आणि पेला पालथा घातला.

“ड्रमला कोणी हात लावायचा नाही. उद्या दहा वाजता ऑफिसची गाडी येईल तो न्यायला. बाकीचे एकोणचाळीस ड्रम कुठे गेले त्याची यादी आजच काढलीय, दुपारपासून फोन सुरू झालेत. एकशे बारा फाइली पुन्हा उघडा म्हणून मी लिहून दिलंय, आणि का, तेही लिहून दिलंय. मुलाखत नाही. नमुन्यांची खोली मी सोडली.” मग ती गॅसकडे वळली, पातेल्याखालची आच बंद केली आणि म्हणाली, “आणि दुधाकडे आजपासून दुसऱ्या कोणीतरी बघायचं.”